बँकेत पैसा आहे, पण कुठल्या कामाचा?

चालू गुणोत्तर (चालू मालमत्ता भागिले चालू देणी) 2 आलं म्हणजे नगरपरिषद सुस्थितीत, हे तुमच्या लेखातलं विधान पटलं नाही. मी नगरपरिषदेच्या लेखा विभागात काम करते. समजा, बँकेत 3 कोटी, चालू देणी दीड कोटी. पण बँकेतल्या 3 कोटींपैकी अडीच कोटी 15 व्या वित्त आयोगाच्या शिफारशीने केंद्राकडून आलेल्या अनुदानाचे असतील तर? त्यातून पगार करता येत नाही! आणि हे न खर्चलेलं अनुदान ताळेबंदात चालू देण्यांत नाही, वेगळ्या शीर्षाखाली बसतं, म्हणून गुणोत्तर फुगतं. पासबुकात भरपूर शिल्लक आणि सफाई कामगारांचं पगारबिल टेबलावर पडून, हे मी मार्चमध्ये स्वतः पाहिलंय. फार वाईट वाटतं हो. कृपया गुणोत्तर निधीनिहाय, म्हणजे प्रत्येक निधीचं वेगळं काढा, आणि चालू मालमत्तेत धरलेल्या थकीत मालमत्ता करातूनही बुडीत जाऊ शकणाऱ्या रकमेची तरतूद वजा करा.