‘लॅबला हार्नेसचा कोणता साईज बसेल?’

कुत्र्यांच्या कुठल्याही ग्रुपवर हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी पडतोच. खाली वीस जण छातीठोकपणे ‘एल घ्या’, ‘एक्सएल घ्या’ सांगून मोकळे होतात. जातीवरून हार्नेसचा, म्हणजे छाती-खांद्यांभोवती बांधायच्या पट्ट्यांचा, साईज सांगणं म्हणजे आडनाव विचारून शर्ट शिवणं. एकाच वेतातल्या दोन लॅब्रेडॉरच्या छातीच्या घेरात आठ-दहा सेंटिमीटरचा फरक सहज असतो. वजनाचंही तेच. २० किलोचा उंच, सडपातळ इंडी (देशी कुत्रा) आणि २० किलोचा बुटका, गुबगुबीत मिक्स, दोघांना एकच हार्नेस बसत नाही. तेव्हा कॉमेंटमध्ये विचारण्याआधी टेप काढा.

टेप शिंप्याची, कापडी. ती नसेल तर साधी नाडी गुंडाळा आणि पट्टीवर मोजा. इलॅस्टिकची नाडी मात्र नको. कुत्रा चारी पायांवर, सपाट फरशीवर उभा हवा. बसलेल्या किंवा लोळणाऱ्या कुत्र्याचं माप निरुपयोगी, कारण बसल्यावर मानेची कातडी गोळा होते आणि पाठीची लांबी बदलते. एकाने खाऊ धरायचा, दुसऱ्याने मोजायचं. खाऊ नाकाच्या उंचीवरच धरा. वर धरलात तर डोकं वर जातं आणि मानेचं माप चुकतं. प्रत्येक माप दोनदा घ्या; एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

मानेची मापं दोन, आणि निम्मे घोळ इथेच होतात. गळ्यातल्या पट्ट्यासाठी माप घ्यायचं ते पट्टा जिथे बसतो तिथे, मानेच्या मध्यावर. हार्नेससाठी मानेच्या बुडाशी, म्हणजे वर खांद्यांच्या पुढे आणि खाली छातीचं पुढे आलेलं हाड लागतं त्याच्या जरा वर. दुसरं माप पहिल्यापेक्षा बरंच मोठं येतं. पट्ट्याच्या मापावर हार्नेस मागवला की तो गळ्यावर चढतो आणि कुत्रा ओढायला लागला की ठसकतो. मग हार्नेस घेतलाच कशासाठी?

छातीचा घेर हे सगळ्यात महत्त्वाचं माप. पुढच्या पायांच्या कोपरांमागे, मोठ्या कुत्र्यात तीन-चार बोटं आणि छोट्यात दोन बोटं सोडून, बरगड्या सगळ्यात रुंद असतात तिथून टेप फिरवा. पाठीवर ती तिरकी जाऊ देऊ नका. जर्मन शेफर्ड, गोल्डनसारखे केसाळ असतील तर केस दाबून टेप अंगाला टेकवा, आवळू मात्र नका. डोक्यावरून घालायचा हार्नेस असेल तर डोक्याचा सगळ्यात रुंद घेरही मोजा. बऱ्याच स्वस्त हार्नेसचं गळ्याचं भोक लहानमोठं करता येत नाही आणि ते कानांशीच अडकतं.

आता या मापात स्वतःच्या मनाने पाच सेंटिमीटर वाढवू नका. कंपनीचा तक्ता बहुतेक वेळा कुत्र्याच्या अंगाच्या मापावर असतो आणि सैलपणा त्यात आधीच धरलेला असतो. तुम्ही पुन्हा वाढवला की तो दुप्पट होतो, आणि दुप्पट सैल हार्नेसमधून कुत्रा उलट्या पावली सरकत बाहेर पडतो. समजा छाती ६२ सेंटिमीटर, तक्त्यात एम ५० ते ६५ आणि एल ६० ते ८०. पूर्ण वाढलेला कुत्रा असेल तर एम. एलमध्ये पट्टे जवळजवळ शेवटपर्यंत आवळावे लागतील, पट्ट्यांची उरलेली टोकं लोंबतील आणि छातीवरची लीशची कडी खाली झुकेल. आठ महिन्यांचं, अजून भरायचं असलेलं पिल्लू असेल तर एल चालेल. चामड्याच्या पट्ट्यात माप मधल्या भोकावर आलं पाहिजे, म्हणजे पुढेमागे दोन्हीकडे वाव राहतो.

दोन बोटांची चाचणी पट्टा घातल्यावर करायची असते: बोटं आडवी, सपाट, सहज आत गेली पाहिजेत. पॉमेरेनियनएवढ्या कुत्र्याला एकच बोट पुरे. हार्नेस घातल्यावर कुत्र्याला चार पावलं चालवा आणि बाजूने बघा. पट्टा काखेत घासतोय का? पुढचा पाय टाकताना खांद्यावर आडवा येतोय का? आठवड्याने काखेतले केस पातळ झाले किंवा कातडी लाल दिसली तर छातीचा पट्टा फार पुढे आहे. मग समोर उभे राहून लीश हलकेच ओढा. कुत्रा मागे सरतो तेव्हा गळ्याचा भाग कानांपर्यंत आला, तर हा हार्नेस रस्त्यावर नेऊ नका. नायलॉनचे पट्टे ॲडजस्टरमधून हळूहळू सरकतात, म्हणून ही तपासणी अधूनमधून पुन्हा करा.

कारवान, मुधोळ या सडपातळ शिकारी जाती पाळणाऱ्यांचं गणित वेगळं. यांचं डोकं मानेपेक्षा अरुंद, त्यामुळे साधा पट्टा कितीही नीट मापाचा असला तरी घाबरलेला कुत्रा मान काढून घेतो. त्यांना मार्टिंगेल पट्टा लागतो, म्हणजे दोन कड्यांतून ओवलेल्या छोट्या फासामुळे ओढल्यावर ठरावीक इतकाच आवळणारा पट्टा. माप कानांच्या लगेच मागे, मानेच्या अरुंद भागावर घ्या. ताणल्यावर दोन्ही कड्या एकमेकींना टेकता कामा नयेत, टेकल्या तर पट्टा मोठा आहे. हा पट्टा फक्त फिरायला नेताना. घरी काढून ठेवायचा, त्या पट्ट्याने कुत्र्याला बांधून तर मुळीच ठेवायचं नाही.

पिल्लांचा पट्टा दर आठवड्याला तपासा. वाढत्या मानेत पट्टा रुतून जखम होते आणि मग डॉक्टरांना तो कापून काढावा लागतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांना चमकणारे पट्टे बांधणाऱ्या मंडळींनाही हेच सांगणं: हेतू चांगला, पण पिल्लांना बांधू नका. त्यांचा पट्टा सैल करायला पुन्हा कोण येणार आहे?

रेनकोटचं माप मानेच्या बुडापासून शेपटीच्या मुळापर्यंत, आणि कोट त्याहून दोन-तीन सेंटिमीटर आखूडच बरा. लांब कोटावर शेपटी अडते आणि कुत्रा शी करताना घाण करून घेतो. नर असेल तर पोटाखालचं कापड किती मागे जातं ते बघा. लघवीच्या जागेपर्यंत पोहोचत असेल तर तो कोट पहिल्याच फेरीत ओला होणार. आत हार्नेस घालायचा असेल तर छाती हार्नेसवरून मोजा आणि पाठीवर लीशसाठी भोक आहे ना, ते बघूनच पैसे द्या. घरी आल्यावर कोट लगेच काढा, काख आणि पोट कोरडं पुसा. प्लास्टिकखाली दमट राहिलेल्या कातडीला मुंबई-कोकणच्या पावसात खाज सुटायला वेळ लागत नाही.