गवत कापणारा माणूस गावात राहिला पाहिजे

जूनच्या शेवटच्या आठवड्यात म्यूकरला जाऊन आले. उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशर डेल्समध्ये स्वेल नदीचं खोरं आहे, स्वेलडेल. म्यूकर हे त्यातलं वरच्या अंगाचं, मूठभर दगडी घरांचं गाव. इथे फोटो टाकले तेव्हा एका मैत्रिणीने लिहिलं, "किती शांत! माणसाचा हातच लागलेला नाही." ते वाचल्यापासून मनात घोळतंय. कारण त्या फोटोत जे जे दिसतंय, त्यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीला माणसाचा हात लागलेला आहे. तो हात निघाला तर पाचदहा वर्षांत तो फोटो काढता येणार नाही.

फुलांचंच बघा. गावामागे नदीपर्यंत गवताची कुरणं आहेत. जांभळं वुड क्रेन्सबिल, पिवळे ग्लोबफ्लॉवर, बटरकप, क्लोव्हर, आणि यलो रॅटल नावाचं एक साधंसं रोप. हे रोप अर्धं परजीवी आहे. शेजारच्या गवताच्या मुळांतून रस ओढून घेतं, त्यामुळे गवत माजत नाही आणि बाकीच्या फुलांना जागा मिळते. वाळल्यावर त्याच्या बोंडात बिया खुळखुळतात. तो खुळखुळाट ऐकू आला की गवत कापणीला आलं, असं जुने शेतकरी ओळखायचे.

पण हे सगळं आपोआप होत नाही. मे महिन्यात गुरं-मेंढ्या कुरणातून बाहेर काढायच्या, फाटक बंद करायचं, जुलै मध्यापर्यंत थांबायचं, फुलांचं बी पडू द्यायचं आणि मगच कापायचं. मग पुन्हा गुरं सोडायची, थोडं शेणखत घालायचं. रासायनिक खत घातलं की गवत जोरात वाढून फुलांना गिळतं. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धापासून नेमकं तेच झालं. कुरणं नांगरली, खतं आली, वाळल्या गवताऐवजी मुरघास, म्हणजे ओलंच कापून आंबवलेला चारा, आला आणि कापणी मे महिन्यावर गेली. १९३०च्या दशकापासून इंग्लंड आणि वेल्समधली जवळजवळ ९७ टक्के फुलांची कुरणं गेली. म्यूकरची राहिली, कारण तिथल्या काही घरांनी पिढ्यान् पिढ्या उशिरा कापायचं सोडलं नाही. कुरणातून फरसबंदी पायवाट जाते आणि एकामागे एक चाला अशी पाटी आहे. मला ती पाटी फार आवडली. ते गवत म्हणजे कुणाच्या तरी गुरांचा हिवाळ्याचा चारा आहे, तुडवलं की वाया जातं.

मी संगमेश्वरकडची. चुन्या-सिमेंटाशिवाय नुसत्या दगडांवर दगड रचून केलेल्या कुंपणाला आमच्याकडे गडगा म्हणतात. म्यूकरला उतरले आणि समोर डोंगरमाथ्यापर्यंत गडगेच गडगे. दोन्ही बाजूंनी आत झुकत जाणारे थर, मध्ये चिपांची भर, अधूनमधून आरपार जाणारा लांब दगड, वर उभे दगड बसवलेले. पावसात, बर्फात कुठे ना कुठे खिंडार पडतं आणि ते त्याच दगडांनी पुन्हा भरावं लागतं. जवळजवळ प्रत्येक कुरणात एक दगडी गोठा: खाली गुरं, वर गवताचा माळा. हिवाळाभर गुरं आत बांधलेली, आणि शेतकरी रोज बर्फातून एकेका गोठ्यावर जायचा, वरून गवत खाली ओढायचा, शेण त्याच कुरणात पसरायचा. आजोळी आमचाही माळा होता. त्या गोठ्यात डोकावले आणि वाळल्या गवताचा वास आला तेव्हा पाय निघेना.

वरच्या सड्यावर मेंढ्या असतात. काळं तोंड, पांढरं नाक, नर-मादी दोघांना शिंगं. तिथे मधे कुंपण नाही, तरी कळप आपली हद्द सोडत नाही. आई कोकराला चरता चरता आपली जागा शिकवते, ते मोठं झालं की आपल्या कोकराला. म्हणून कित्येकदा शेत विकलं तरी कळप शेताबरोबरच राहतो. कळप संपला तर ही शिकवण बाजारातून विकत आणता येत नाही. मला वाटतं गावाचंही तसंच असतं.

आणि ती शांतता. स्वेलडेल काही कायम शांत नव्हतं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इथे शिशाच्या खाणी होत्या. याच खोऱ्यातल्या गनरसाइड गावाच्या घळीत अजून भट्ट्यांचे अवशेष उभे आहेत. १८८०च्या सुमारास बाहेरून स्वस्त शिसं आलं, भाव कोसळले आणि माणसं गेली: कुणी डरहमच्या कोळसा खाणींत, कुणी लँकशरच्या गिरण्यांत, कुणी थेट अमेरिकेला. आज आपण ज्या शांततेचं कौतुक करतो तिच्यात त्या जाण्याचाही वाटा आहे. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आमच्या वाडीतही भर दुपारी असंच शांत असतं.

आता दुसरी लाट चालू आहे. सुट्टीची घरं. शहरातला पैसा येतो, घराच्या किमती चढतात, गावातल्या तरुण जोडप्याला घर परवडत नाही. रिचर्ड आणि चेरी किअर्टन हे भाऊ शेजारच्या थ्वेट गावचे. वन्यजीव छायाचित्रणाच्या अगदी आरंभीच्या माणसांपैकी. ते म्यूकरच्या ज्या शाळेत शिकले तिच्यात आज शाळा भरत नाही. बाजूच्या आर्केनगार्थडेलची प्राथमिक शाळा २०१९ मध्ये बंद झाली, पटावर मुलं फार थोडी उरली होती. १ एप्रिल २०२५ पासून नॉर्थ यॉर्कशर कौन्सिलने, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाने, अशा सुट्टीपुरत्या दुसऱ्या घरांवर दुप्पट कौन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा कर) लावला. मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे, आणि माझ्या मते तेवढं पुरेसं नाही. त्या पैशातून तिथे राबणाऱ्यांसाठी घरं झाली पाहिजेत. गोठे आणि गडगे जपायला अनुदान मिळतं, तसं ते बांधू जाणणाऱ्या माणसाला गावात राहता यावं यासाठीही मिळालं पाहिजे. १९५४ साली हा भाग राष्ट्रीय उद्यान झाला, पण इंग्लंडमधली राष्ट्रीय उद्यानं म्हणजे माणसं हलवून राखलेलं रान नव्हे. त्यांत शेतं आहेत, गावं आहेत. गावं रिकामी झाली तर राखायचं काय?

गाव अजून धडपडतंय, हेही सांगायला हवं. १८९७ पासून म्यूकरचा स्वतःचा बँड आहे. सप्टेंबरच्या पहिल्या बुधवारी जत्रेसारखा म्यूकर शो भरतो, मेंढ्यांना बक्षिसं मिळतात.

परतताना फाटकापाशी एक आजोबा भेटले. मी फुलांचं कौतुक केलं. ते हसले आणि आभाळाकडे बघत म्हणाले, पुढच्या महिन्यात सलग चार दिवस कोरडे मिळाले पाहिजेत, नाहीतर कापलेलं गवत कुजेल.

आता जुलै लागलाय. रोज सकाळी मी राहते त्या लीड्सच्या आधी म्यूकरचं हवामान बघते. आज पाऊस आहे. गुरुवारपासून तीन दिवस ऊन दाखवतायत, चौथ्या दिवसाचं अजून नक्की नाही.