पाणी आलं नाही, रान चाललंय

आज सकाळी तासभर झोडपलं आणि गावाबाहेरच्या मोरीखालून नाला चहासारखा वाहायला लागला. मोरीवर उभी मंडळी खूश, "पाणी आलं!" अहो, एका एकरावरून फक्त १ मिलिमीटर माती गेली तरी जवळपास दीड ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) होते. तेवढा मुरूम कुणी ट्रॉलीत भरून नेला असता तर तंटा तहसीलपर्यंत गेला असता. नाल्यानं नेला की पेढे!

मोरीच्या वर पन्नास पावलं चाला, चोर सापडतो. उन्हाळ्यात नाल्याचं खोलीकरण झालं, पोकलेननं निघालेला गाळ काठावरच ढीग मारून ठेवला. आज त्यातला बराचसा परत नाल्यात. डिझेल जाळून काढायचा आणि मृगानं परत लोटायचा! गाळ काठापासून चार-पाच मीटर तरी लांब हवा, खरं तर पाऊस पडायच्या आत रानात पसरलेला हवा. काठही भिंतीसारखा उभा कापलेला. काळ्या मातीला १ मीटर उंचीला दीड मीटर तरी आडवा उतार लागतो, नाहीतर भिजली की ढासळते. वर करंज, निर्गुडी होती, तीही मशीन फिरायला जागा हवी म्हणून काढली.

"गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" ही सरकारी योजना २०१७ पासून ऐकतोय. वाईट नाही, काढलेल्या गाळानं हलक्या रानाचं भलं होतं, मान्य. पण गाळ येतो कुठून, हे कुणी विचारायचं?

सोयाबीननं रान झाकायला महिना-सव्वा महिना लागतो. तोवर थेंबांच्या माऱ्यानं वरची माती लिंपल्यासारखी बसते, पाणी मुरत नाही, धावतं. उताराला उभी पेरणी असली तर प्रत्येक तास (पेरणीची ओळ) म्हणजे पाटच. वाटण्यांनी पट्ट्या अरुंद झाल्यात, आडवा ट्रॅक्टर वळत नाही, हेही खरं. मग खालच्या टोकाला दोन-तीन मीटर गवत तरी राहू द्या. पण नाही, एक तास जास्त मिळावं म्हणून बांध कोरायचा! त्यात बांधाला सांडवा, म्हणजे जादा पाणी निघायची वाट, नसला की पाणी उंदराच्या बिळातून वाट काढतं आणि एका रात्रीत घळ. सांडवा माथ्यापेक्षा फूटभर खाली ठेवा, पाणी पडतं तिथं दगड लावा. दगड नसले तर पाणी पायथा खोदत मागं मागं सरकतं.

आणि पाणंद! चाकोऱ्यांतून सगळा राडा थेट त्याच मोरीत. वीस-तीस मीटरवर आडवा उंचवटा करून पाणी बाजूच्या गवतात काढलं तर किती खर्च येतो हो?

असो. चिडून उपयोग नाही. पावसाच्या पुढच्या सरीला बाटल्या घेऊन जा. नाल्याला ओघळ मिळतो तिथं एक वरच्या अंगाला भरा, एक खालच्या. दोन्ही हलवून ठेवा. रेती मिनिटभरात तळाला जाते, पोयटा (रेतीहून बारीक, चिकणमातीहून जाड कण) काही तासांत. दुसऱ्या दिवशीही गढूळ राहतं ती बारीक चिकणमाती. खालची बाटली वरच्यापेक्षा दाट निघाली की तोच ओघळ धरून वर चालत जा. मोरीपासून सुरुवात करा, तिथं उत्तर पन्नास पावलांवरच आहे.