बर्फाचं यंत्र आणि बंदरातला ट्रॉलर: व्हायरल तुलनेत काय चुकतंय

रत्नागिरी ते वेंगुर्ल्यापर्यंतच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: ‘युरोपात स्कीच्या उतारांवर बर्फ सपाट करणारी यंत्रं बॅटरीवर गेली, धूर शून्य झाला. आपले ट्रॉलर मात्र अजून डिझेल जाळतात, कारण मच्छीमारांना बदलायचंच नाही.’ बर्फ म्हटला की बंदरात आठवतो तो मासळीवर टाकायचा. पण तुलना केलीच आहे, तर नीट करू.

‘यंत्रं बॅटरीवर गेली.’ नाही गेली. उतारांवर रात्रभर राबणारी मोठी यंत्रं आजही बहुतांशी डिझेलवरच चालतात आणि तासाला 20 ते 30 लिटर पितात. केसबोरर या जर्मन कंपनीने 2012 साली आणलेल्या ‘पिस्टनबुली 600 ई-प्लस’मध्ये डिझेल इंजिन आहेच. ते जनरेटर फिरवतं, आणि हायड्रॉलिक पंपांऐवजी विजेच्या मोटरी यंत्राला पुढे नेणारे पट्टे ओढतात. कंपनीच्या सांगण्यानुसार इंधन 20 टक्क्यांपर्यंत वाचतं. उतारावरून खाली येताना त्याच मोटरी उलट वीज तयार करतात आणि मागचा बर्फ भुसभुशीत करणारा रोटर त्यावर फिरतो. समुद्राला उतार नसतो, हे मेसेजवाल्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही. प्रिनोथ या इटालियन कंपनीने 2020 मध्ये बॅटरीवरचं ‘हस्की’ दाखवलं, पण ते लहान यंत्र आहे. तिकडची मोठी बचत साधी आहे: उपग्रहाच्या मदतीने बर्फाची खोली मोजायची आणि जिथे गरज नाही तिथे यंत्र फिरवायचंच नाही.

‘मग ट्रॉलरलाही बॅटरी बसवा.’ हिशेब करा. 120 हॉर्सपॉवरचं इंजिन जाळं ओढताना सुमारे 60 किलोवॅट देतं आणि तासाला 17 लिटरच्या आसपास डिझेल घेतं. दिवसाचे 14 तास धरले तर शाफ्टवर, म्हणजे इंजिनापासून पंख्याकडे जाणाऱ्या दांड्यावर, 840 युनिट लागतात. मोटर-कंट्रोलरची गळती आणि बॅटरी पूर्ण रिकामी न करण्याची अट धरली, तर साधारण 1,100 युनिटची बॅटरी हवी. किलोमागे 120 वॅट-तास धरले तर वजन नऊ टन. हे फक्त एका दिवसाचं. ट्रॉलर पाच-सहा दिवस बाहेर असतो. बर्फाचं यंत्र रोज सकाळी त्याच गॅरेजात परत येतं, हा फरक मेसेजात नाही.

‘बॅटरी म्हणजे धूर शून्य.’ जेट्टीवर शून्य, वीजकेंद्रात नाही. भारतीय ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. चार्जिंगपासून मोटरपर्यंतची गळती धरली तर शाफ्टवरच्या युनिटमागे 0.85 किलोच्या वर. डिझेलच्या लिटरमागे 2.68 किलो धरला तर वरच्याच इंजिनाचा आकडा 0.76 येतो. ऑस्ट्रियात निम्म्याहून जास्त वीज पाण्यावर तयार होते, म्हणून तिकडचं गणित वेगळं.

तरी बॅटरी टाकाऊ ठरत नाही. केरळात वैक्कम–तवणक्कडवू मार्गावर 75 प्रवाशांची ‘आदित्य’ ही सौर फेरी 2017 पासून चालते. मालवण धक्का ते सिंधुदुर्ग किल्ला किंवा खाडीतली तर (फेरीबोट) हे तशाच जातीचं काम: अंतर थोडं, मुक्काम ठरलेला, चार्जिंगला वेळ भरपूर, छपरावर पॅनेलला जागा. बॅटरी आधी तिथे शोभते.

‘बायोडिझेल ओता, काम झालं.’ युरोपातल्या काही स्की केंद्रांत ओततात ते एचव्हीओ, म्हणजे हायड्रोजनची प्रक्रिया केलेलं तेल. ते जवळपास डिझेलसारखंच वागतं. आपल्याकडे बायोडिझेल म्हणून जे मिळतं ते वेगळं. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि कोकणातल्या दमट हवेत टाकीच्या तळाशी जंतूंचा चिकट गाळ धरतो. जुने रबरी पाइप मऊ पडतात. टाकीत वर्षानुवर्षं बसलेली घाणही ते सोडवतं आणि फिल्टर भर समुद्रात चोंदतो. घालायचंच असेल तर टाकी आधी धुवा, पाइप बदला, दोन फिल्टर जास्तीचे ठेवा.

‘मच्छीमारांना बदलायचंच नाही.’ हा सगळ्यात खोटा भाग. डिझेल हाच फेरीचा सर्वांत मोठा खर्च असताना ते वाचवायला कोण नको म्हणेल? फक्त वाचतं कुठे, ते माहीत हवं.

पहिलं, वेग. पाणी कापायला लागणारी ताकद वेगाच्या जवळपास घनाच्या प्रमाणात वाढते. 30 सागरी मैल 8 नॉटने, म्हणजे तासाला 8 सागरी मैल वेगाने, गेलात आणि तासाला 16 लिटर लागले, तर 60 लिटर. तेच 7 नॉटने गेलात तर तासाला 11च्या आत, एकूण 46. वेळ अर्ध्या तासाने वाढतो, 14 लिटर वाचतात. मासळी भरून लिलाव गाठायची घाई असते, ते मान्य. पण रिकामं जाताना कसली घाई?

दुसरं, पंखा, म्हणजे प्रोपेलर. मोकळ्या पाण्यात, जाळं वर असताना, पूर्ण थ्रॉटल द्या आणि आरपीएम बघा. इंजिनाच्या प्लेटवरच्या आकड्यापर्यंत पोहोचत नसेल आणि धूर काळा येत असेल, तर आधी तळ आणि शाफ्टला गुंडाळलेलं नायलॉन बघा. ते साफ असेल तर पंख्याचा पिच, म्हणजे पात्यांचा तिरकेपणा, जास्त आहे. इंजिन दमतं, डिझेल अर्धवट जळतं. अशा वेळी मोठं इंजिन घेणं म्हणजे जोडा चावतो म्हणून पाय बदलण्यासारखं. पंखा काढून पिच कमी करून घ्या, वाकलेली पाती सरळ करून बॅलन्स करा.

तिसरं, जाळं. ट्रॉलरचं बरंचसं डिझेल जाळं ओढण्यातच जातं. शेवटच्या पिशवीला 40 मिलिमीटरची चौकोनी आस (जाळ्याचं छिद्र) लावली तर ओढ पडल्यावरही ती उघडी राहते, पाणी आणि बारीक मासळी निघून जाते. हिऱ्याच्या आकाराची आस ताण पडला की मिटते.

होडीवाल्यांसाठी एकच: जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) पाव भाग इंधन न जाळताच बाहेर फेकतं. पुढचं घेताना फोर-स्ट्रोक घ्या.

1 जूनला मासेमारीची पावसाळी बंदी लागली आणि नौका ओढून शाकारल्या की तळ उघडा असतो. शिंपल्यांचा थर झावळ्या चढवण्याआधीच, ओला असताना खरवडा. वाळला की तो दगडासारखा बसतो, आणि छिन्नीने काढताना फायबरचा वरचा थर त्याच्याबरोबर निघून येतो.