‘लक्ष वेधण्यासाठी करतात’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

स्वतःला इजा करणाऱ्या मुलामुलींबद्दलचा एक संदेश सध्या पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ही मुलं लक्ष वेधून घेण्यासाठी हे करतात, त्यावर बोललं की खतपाणी मिळतं, कडक वागा, पुन्हा करणार नाही अशी शपथ घ्यायला लावा, आणि ज्याला खरंच थांबायचं असतं तो मन घट्ट करून थांबतो. मला तो चार जणांनी पाठवला. चौघंही मायेची माणसं आहेत, म्हणूनच उत्तर लिहावंसं वाटलं. विशीपर्यंत मी स्वतः यातून जात होते आणि यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला माझ्यावर वापरून झाला आहे.

‘लक्ष वेधण्यासाठी करतात.’ मग लपवतात कशासाठी? माझ्या घरात दोन वर्षं कुणाला पत्ता नव्हता. संशोधकांनी कारण विचारलं, की सर्वांत जास्त वेळा एकच उत्तर मिळतं: असह्य झालेल्या भावना आवरायला. कुणी आतून इतकं बधिर झालेलं असतं की काहीच जाणवत नाही, कुणी स्वतःला शिक्षा देत असतं. त्यानंतर येते ती लाज, आणि त्या लाजेतूनच पुढची वेळ येते. आपलं दुःख कुणाला तरी दिसावं म्हणून काही जण हे करतात, हेही खरं. पण ज्याला तोंडाने सांगता येत नाही म्हणून अंगावर सांगावं लागतं, त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही तर कुणाकडे द्यायचं? आणि ही माणसं विरळाही नाहीत. अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून २०१४ साली केलेल्या आढाव्यात, किशोरवयीनांपैकी साधारण १७ टक्क्यांनी मरण्याचा हेतू नसताना कधी ना कधी स्वतःला इजा केल्याचं दिसलं.

‘बोललं की डोक्यात भरतं.’ ही भीती मला कळते, पण ती खरी ठरत नाही. २००५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. आत्महत्येच्या विचारांविषयी ज्यांना थेट विचारलं, त्यांच्यात असे विचार किंवा त्रास वाढलेला आढळला नाही. धोका आहे तो कसं केलं याचे तपशील आणि फोटो पसरवण्यात. विचारण्यात नाही. विचारायचं तर दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: ‘तू स्वतःला इजा करतेस का?’ आणि ‘जीव द्यावासा वाटतो का?’ या दोन गोष्टी एक नाहीत, तरी पहिली असेल तर पुढे दुसरीचा धोका वाढतो. दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. जखम खोल असेल किंवा पोटात काही गेलं असेल तर ती ‘आता बरं वाटतंय’ म्हणाली तरी थेट रुग्णालय.

‘कडक वागा, शपथ घ्यायला लावा.’ ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात, की स्वतःला इजा करणाऱ्यावर शिक्षेचे उपाय करू नयेत. शपथेचं मी माझ्यापुरतं सांगते. आईने मला तिच्या गळ्याची शपथ घातली. ती मोडली त्या रात्रीपासून मी आईला काही सांगणंच बंद केलं.

राहिला शेवटचा मुद्दा, मन घट्ट करण्याचा. इथे मला थांबून बोलायचं आहे, कारण हे वाचून सर्वांत जास्त खचतो तो, जो थांबायचा प्रयत्न करत असतो. ही ऊर्मी लाटेसारखी येते, चढते आणि ओसरते. २००९ च्या एका अभ्यासात तरुण मुलामुलींनी दिवसभर आपल्या विचारांच्या नोंदी ठेवल्या. असा विचार बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत विरला होता. म्हणजे जन्मभराची ताकद लागत नाही, तेवढा वेळ निघावा लागतो. आणि तो निघावा म्हणून तयारी आधी, मन शांत असताना करायची. ज्या वस्तूंनी इजा होऊ शकते त्या घरातल्या कुणाकडे तरी सोपवायच्या. लाट चढू लागली की खोलीतून बाहेर पडून माणसांत जाऊन बसायचं. तोंडावर गार पाणी मारायचं, भरभर चालायचं, ‘पंधरा मिनिटांनी बघू’ असं स्वतःला सांगायचं आणि पंधरा मिनिटं झाली की पुन्हा तेच सांगायचं. कुणाला फोन करायचा त्यांची नावं क्रमाने लिहून ठेवायची, शेवटी हेल्पलाइनचा नंबर. ऐन वेळी काही सुचत नाही, म्हणून हे कागदावरच हवं. एखाद्या दिवशी जमलं नाही, तर आधीचे दिवस वाया जात नाहीत.

शिकून घेण्यासारखं हे कौशल्य आहे, याचा सर्वांत मोठा दाखला मार्शा लिनेहान या मानसशास्त्रज्ञ. भावनांची लाट सोसायची कशी हे पायरी पायरीने शिकवणारी ‘डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी’ त्यांनी उभी केली, आणि २०११ साली जाहीरपणे सांगितलं की तरुणपणी त्या स्वतःही स्वतःला इजा करत होत्या. समुपदेशक शोधताना या पद्धतीचं प्रशिक्षण आहे का, हे जरूर विचारा. आपलं बोलणं घरच्यांना केव्हा सांगावं लागेल, हेही पहिल्याच भेटीत विचारून घ्या, म्हणजे पुढे विश्वासघात झाल्यासारखं वाटत नाही.

सांगायचं कसं, हे कळत नसेल तर एवढंच म्हणा: ‘मला स्वतःला इजा करावीशी वाटतेय, थोडा वेळ माझ्याजवळ बसशील?’ बोलवत नसेल तर लिहून पाठवा. समोरचा भांबावेल, कदाचित चिडेलही. मग दुसऱ्याला सांगा. माझ्या पहिल्या दोन वेळा फुकट गेल्या. तिसऱ्या वेळी रात्री अकराला मावशीला फोन केला. तिने कारण विचारलं नाही. ‘फोन चालूच ठेव, मी चपला घालतेय,’ म्हणाली.