इकॉनॉमीचं मूळ ‘घर’ असेल, पण देश म्हणजे घर नव्हे

अर्थसंकल्प जवळ आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास उगवतो. शब्द दरवर्षी थोडे बदलतात, गाभा तोच. ‘इकॉनॉमी हा मूळ ग्रीक शब्द. ऑइकोस म्हणजे घर, नोमोस म्हणजे नियम. म्हणजे घर चालवणं, काटकसर करणं. आपल्या चाणक्यानं अर्थशास्त्रात हेच सांगून ठेवलंय. आवक बघून जावक ठरवणारी, कधीही कर्ज न काढणारी गृहिणी हीच खरी अर्थमंत्री.’ खाली जोडलेले हात, मग अंगठ्यांची रांग. मी भाषांतराच्या धंद्यात आहे. हा शब्द रोज माझ्या हाताखालून जातो, म्हणून यंदा अंगठा न देता सविस्तर लिहिते.

आधी ग्रीकांचं. व्युत्पत्ती बरोबर आहे, त्यात वाद नाही. पण व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. ‘प्रवीण’ हा शब्द वीणेवरून आला, म्हणून कामात प्रवीण असलेल्या प्लंबरकडून आपण भीमपलासची अपेक्षा करत नाही. शिवाय त्या ग्रीक ‘घरा’त शेतीवाडी होती, गुलाम होते. घराचा कारभारी अनेकदा स्वतःच गुलाम असे. मेसेजमधल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटशी त्याचा फारसा संबंध नाही.

आणि गंमत पुढे आहे. घर चालवणं आणि राज्य चालवणं एकच का, हा वाद खुद्द ग्रीकांनीच घातलेला आहे. झेनोफोन या सॉक्रेटिसच्या शिष्यानं गुरूच्या तोंडी असं घातलंय की खासगी कारभार आणि सार्वजनिक कारभार यांत फरक फक्त आकाराचा. मेसेज लिहिणाऱ्याला हा साक्षीदार मिळाला असता तर त्यानं नाचवला असता. पण अॅरिस्टॉटल ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्याच पानावर हे मत खोडून काढतो. राजकारणी, राजा, कुटुंबप्रमुख आणि गुलामांचा मालक हे सगळे एकाच जातीचे, फरक फक्त हाताखालच्या माणसांच्या संख्येचा, असं म्हणणारे चुकतात, असं त्याचं म्हणणं. पुढे १७५५ साली रूसो या विचारवंतानं फ्रेंच विश्वकोशातल्या ‘इकॉनॉमी’वरच्या आपल्या नोंदीत सुरुवातीलाच ‘घर अधिक नियम’ ही फोड दिली आणि लगेच घर व राज्य यांतले फरक मोजायला घेतले. थोडक्यात, फोड माहीत असलेले लोकसुद्धा मेसेजच्या निष्कर्षाला आले नाहीत.

दुसरा मुद्दा, ‘इकॉनॉमी म्हणजे काटकसर’. हा अर्थ इंग्रजीत आहे, जुना आहे आणि आपल्याकडेही रुळलाय. इकॉनॉमी पॅक, इकॉनॉमी मोड, इकॉनॉमी क्लास. पण यातली काटकसर नेमकी कशाची आणि कोणाची, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. विमानातला इकॉनॉमी क्लास अटलांटिकच्या मार्गावर १९५८ साली आला. भाडं उतरलं, कारण खुर्च्या जवळ आल्या. आपल्या रेल्वेनं २०२१ साली थ्री टायर एसी इकॉनॉमी डबा आणला तेव्हा ७२ बर्थच्या जागी ८३ बसवले. काटकसर आपल्या गुडघ्यांची झाली, रेल्वेनं तर एका डब्यात ११ तिकिटं जास्त विकली.

क्रिकेटमधली इकॉनॉमी, म्हणजे गोलंदाजानं षटकामागे दिलेल्या धावा, मला सगळ्यात आवडते, कारण तिथला मानकरी नाशिकचा आहे. बापू नाडकर्णी. जानेवारी १९६४, मद्रास, समोर इंग्लंड. ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, ० बळी. लागोपाठ २१ निर्धाव षटकं, सलग १३१ चेंडूंवर एकही धाव नाही. याहून काटेकोर हिशेब कोणत्या गृहिणीनं ठेवलाय? पण त्या ओळीतला शेवटचा आकडा पुन्हा वाचा. बळी शून्य. सामना अनिर्णित सुटला, आणि त्या मालिकेतले पाचही सामने तसेच सुटले. बापूंचा यात दोष काही नाही, त्यांनी कप्तानाला हवं ते केलं. पण इकॉनॉमी हा गोलंदाजीचा एक रकाना आहे, सामन्याचा निकाल नव्हे.

आणि देशाची इकॉनॉमी म्हणतात तेव्हा तर काटकसर हा अर्थ उरतच नाही. करून बघा: ‘यंदा भारताची काटकसर सात टक्क्यांनी वाढली.’ हसू येतं ना? तिथे मालाचं उत्पादन, सेवा, मजुरी, व्यापार, कर यांचा सगळा पसारा अभिप्रेत असतो. इंग्रजीनं हे सगळं एका शब्दात कोंबलंय. मराठीनं काटकसर, किफायत आणि अर्थव्यवस्था अशी तीन खुंट्यांवर तीन वस्त्रं टांगली आहेत. आपल्याकडे वेगळे शब्द तयार असताना इंग्रजीचा गोंधळ उसना कशाला आणायचा?

चाणक्याचं थोडक्यात सांगते. म्हैसूरच्या शामशास्त्रींनी १९०९ साली छापून प्रसिद्ध केलेला तो ग्रंथ मुख्यतः राज्यकारभाराचा आहे. त्यात हेर आहेत, तह आहेत, वेढे आहेत. शेवटच्या अधिकरणात, म्हणजे भागात, व्याख्याच दिली आहे: माणसांची उपजीविका म्हणजे अर्थ, माणसांनी वसलेली भूमी म्हणजेही अर्थ, आणि ती भूमी मिळवण्याचं व राखण्याचं शास्त्र ते अर्थशास्त्र. शेती, पशुपालन आणि व्यापार यांना तिथे ‘वार्ता’ हे वेगळं नाव आहे. कोशाला, म्हणजे खजिन्याला, तो फार जपतो, हे खरंच. पण खजिना आटला तर काय करावं, याचे उपायही त्यानं पाचव्या अधिकरणात दिलेत. त्यातला एक असा की रातोरात एखादं देवस्थान उभं करावं आणि तिथल्या जत्रेवर कमाई करावी. गृहिणीनं यातून नेमकं काय शिकायचं, ते मेसेजवाल्यांनीच सांगावं.

आता मूळ दुखणं. माझ्या घरानं खर्च कापला तर माझा पगार कमी होत नाही. हेच सगळ्यांनी एकाच वेळी केलं तर होतो, कारण माझा खर्च ही वाण्याची मिळकत असते आणि वाण्याचा खर्च आणखी कोणाची. २०२० सालच्या एप्रिल ते जूनमध्ये भारताचा जीडीपी आदल्या वर्षीच्या तुलनेत जवळपास २४ टक्क्यांनी घसरला. रिझर्व्ह बँकेच्या अंदाजानुसार त्याच तिमाहीत कुटुंबांची आर्थिक बचत जीडीपीच्या २१ टक्क्यांवर चढली होती. दारं बंद होती म्हणून हे दोन्ही झालं, हे मान्य. पण घरात पैसा साठतोय आणि बाहेर रोजगार बुडतोय, हे एकाच वेळी घडू शकतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. अशा वेळी सरकारनंही हात आखडला तर खर्च करायला उरतं कोण?

म्हणून सरकारनं हवं तेवढं कर्ज काढावं असं मी म्हणत नाही. व्याज भरावंच लागतं, आणि ते रस्ते-शाळांच्याच पैशातून जातं. राजकोषीय तुटीला, म्हणजे मिळकतीपेक्षा जास्त होणाऱ्या सरकारी खर्चाला, लगाम घालणारा कायदा आपण २००३ साली केला तो याचसाठी. अमुक खर्च फुकट गेला, तमुक कर्ज महाग पडलं, असं बोला. मीही बोलेन.

राहिली कर्ज न काढणारी गृहिणी. ती मी तरी पाहिलेली नाही. माझ्या आजीची हिशेबाची वही माझ्याकडे आहे. लाल कापडी बांधणी, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. दूध, रॉकेल, वाण्याची उधारी, भिशीचा हप्ता. वडिलांच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पानावर जमेच्या बाजूला एकच मोठी रक्कम आहे आणि पुढे लिहिलंय, ‘पाटल्या, सराफाकडे’. दोन वर्षांनंतरच्या एका पानावर, त्यांच्या पहिल्या पगाराखाली, वेगळ्या शाईत: ‘पाटल्या सोडवल्या’.