फुकटचं लेक्चर

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

भाचीला घेऊन नाशिकच्या कॉलेज रोडला एका क्लासमध्ये चौकशीला गेलेलो. डिप्लोमाला आहे ती. बोलता बोलता पोरगी म्हणाली मी आयआयटीची लेक्चर्स पण ऐकते मोबाईलवर, तर तिथल्या मॅडम हसल्या. "बेटा, फुकट मिळतं त्याला किंमत नसते." बहिणीसमोर तमाशा नको म्हणून गप्प बसलो, पण घरी येऊन चहा गोड लागेना.

अहो, मी आयटीआयवाला माणूस. अंबडला सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनवर. पंचवटीतून कंपनीची बस, मग द्वारका चौकात ट्रॅफिकला अडकायचं, आणि कानात एनपीटीईएल, म्हणजे आयआयटीवाल्यांची तीच फुकटची लेक्चर्स. व्हिडिओ बघत बसलं की बसमध्ये मळमळतं, म्हणून स्क्रीन बंद करून नुसतं ऐकतो. तर एकदा एमएसच्या (नरम लोखंडाच्या) जॉबला फिनिशच येईना, कापायच्या टिपेला माल चिकटायचा, मशीन लावून देणारा सेटर म्हणे इन्सर्टच, म्हणजे त्या टिपाच, भंगार आलेत. आणि त्याच आठवड्यात बसमध्ये सर सांगतायत की नरम धातू कमी स्पीडला कापला की धारेवर थर साचतो, बिल्ट-अप एज म्हणतात त्याला. हात जोडून सेटरला आरपीएम वाढवायला लावले. तिसऱ्या जॉबला फिनिश आरशासारखं! सांगा मॅडम, किती रुपये लावू याची किंमत?

अमेरिकेतल्या एमआयटीने २००१ मध्ये ठरवलं की आमचे कोर्स सगळ्या जगाला फुकट. त्यांना कळत नव्हतं का किंमत कशाला असते ते? आपल्याकडे आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीने मिळून एनपीटीईएल उभं केलं, ते काय येडे आहेत?

बरं, गणित नुसतं कानाने होत नाही, मान्य. "हे इथलं तिकडे नेलं" म्हणतात आणि आपण बसच्या खिडकीतून मुंबई नाका बघतोय. आणि क्लासला जाऊन पोरं पास होतात, तेही आहेच.

पण फुकटचं कायम राहतं असंही नाही, याचाच जास्त राग येतो. अमेरिकेतल्याच बर्कले विद्यापीठाने २०१७ मध्ये वीस हजारांवर लेक्चर्स लोकांसाठी बंद केली. बहिऱ्यांसाठी खाली अक्षरं नव्हती, तक्रार झाली. तक्रार शंभर टक्के बरोबर होती, पण अक्षरं टाकायची सोडून कुलूपच लावलं! अ‍ॅपलचं आयट्यून्स यू, तिथेही कॉलेजांची लेक्चर्स फुकट मिळायची, ते पण २०२१ संपताना गेलं. म्हणून भाचीला सांगितलंय, जिथे डाउनलोड करू देतात तिथे करून ठेव.

त्या मॅडमचाही राग आता उतरलाय थोडा. त्यांनाही अ‍ॅडमिशनचं टार्गेट असणार, आमच्याकडे जॉबचं असतं तसं. फक्त पोरीसमोर हसायला नको होतं. येताना रिक्षात तिने इअरफोन काढलेच नाहीत पर्समधून.

असो. उद्या फर्स्ट शिफ्ट. लेक्चर ५५ मिनिटांचं आहे, द्वारकेला तेवढं जाम लागू दे म्हणजे झालं.